फ्रिजमधल्या उरल्यासुरल्याची स्पर्धा: बंद करावी, की नियम कडक करावेत?

पत्राचा सारांश

एका वाचक भगिनीने लिहिले आहे की, घरात वाया जाणारे अन्न पाहून त्यांनी काही महिन्यांपूर्वी एक खेळ सुरू केला. दर रविवारी संध्याकाळी फ्रिजमध्ये जे काही उरले असेल, त्यातूनच प्रत्येकाने तासाभरात एक पदार्थ करायचा, सगळ्यांनी तो चाखायचा आणि त्यांनी गुण द्यायचे. पती, 14 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा हे स्पर्धक आहेत. त्या स्वतः परीक्षक आहेत, कारण ‘रोजचा स्वयंपाक मीच करते, मी उतरले तर स्पर्धेला अर्थ राहणार नाही’ असे त्यांना वाटते. सुरुवातीचे रविवार मजेत गेले. आता मात्र मुलगी गुणांची वही ठेवते आणि अर्ध्या गुणासाठी वाद घालते. मुलगा सारखा हरतो, म्हणून त्याला धीर यावा यासाठी त्यांनी एकदा त्याला मुद्दाम जास्त गुण दिले; ते मुलीच्या लक्षात आले आणि दोघेही रुसले. पती शनिवारीच नवे सॉस आणि चीज आणून फ्रिजमध्ये ठेवतात. शिळ्या अन्नाने कोणाचे तरी पोट बिघडेल, या काळजीने सासूबाई त्या दिवशी जेवायलाच बसत नाहीत. खेळ संपल्यावर ओट्यावरचा पसारा त्या एकट्याच आवरतात. शिवाय रविवारी ‘चांगले काहीतरी उरलेले असावे’ म्हणून त्या आठवडाभर थोडे जास्त रांधू लागल्या आहेत, असेही त्यांनी संकोचाने कबूल केले आहे. हा खेळ बंद करावा, लेखी नियम आणि गुणांचा तक्ता करून तो शिस्तीत आणावा, की मुलीला काही काळ स्पर्धेबाहेर ठेवावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

तुमच्या पत्रातली बहुतेक जागा मुलांच्या भांडणाने व्यापलेली आहे, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते तुम्ही शेवटी संकोचाने लिहिलेले वाक्य. रविवारसाठी काहीतरी उरावे म्हणून तुम्ही जास्त रांधू लागला आहात. यात तुमचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण कोणत्याही स्पर्धेला सामग्री लागते आणि ती पुरवण्याची जबाबदारी घरात आपोआप तुमच्याकडे आली. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चांगली स्पर्धा व्हायची तर फ्रिज भरलेला हवा, आणि अन्न वाचवायचे तर तो रिकामा व्हायला हवा. तुमचा खेळ या दोन्ही दिशांना एकाच वेळी ओढला जातो आहे. भांडणे, नवे सॉस, तुमचा थकवा या सगळ्याचा उगम मला या ओढाताणीत दिसतो. त्यामुळे खेळ बंद करावा की कडक करावा, हे ठरवण्याआधी तो नेमका कशासाठी खेळायचा हे नव्याने ठरवावे लागेल.

तुम्ही ज्या कारणाने सुरुवात केली ते कारण मुळीच लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगभरात दुकाने, खानावळी आणि घरे मिळून सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला साधारण 60 टक्के वाटा घरांचा होता. माणशी हिशेब केला तर घराघरांतून वर्षाला सरासरी 79 किलो अन्न टाकले जाते. या आकड्यांत साली आणि हाडे यांसारखे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, हे खरे. तरीही घरातल्या एका वाटीकडे लक्ष देणारी व्यक्ती क्षुल्लक गोष्टीच्या मागे लागलेली नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

आता तुमच्या मनातल्या एका गृहीतकाकडे येऊ. उरलेल्या अन्नातून कल्पक पदार्थ करता आला की नासाडी थांबते, असे तुम्ही धरून चालला आहात. माझा अनुभव आणि निरीक्षण वेगळे आहे. अन्न वाया जाते ते पाककौशल्य कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा ते तिथे आहे हेच कोणाला ठाऊक नसते म्हणून जाते. झाकण लावलेली वाटी दुधाच्या पिशवीमागे सरकते, तिच्यापुढे दुसरा डबा येतो, आणि ती हाती लागते तेव्हा झाकण उघडायची कोणाची हिंमत होत नाही. ती वाटी तिथे आहे हे आठवणीत ठेवण्याचे काम तुमच्या घरात कोण करते? पत्रावरून तरी ते काम फक्त तुमचे दिसते. पती आणि मुले रविवारी फ्रिज उघडतात तेव्हा तुम्ही राखून, मांडून ठेवलेली सामग्री त्यांच्यासमोर असते. पदार्थ ते करतात, पण ‘काय उरले आहे आणि ते कधीपर्यंत खाता येईल’ हा विचार मात्र पूर्वीइतकाच तुमच्या एकटीच्या डोक्यात राहतो.

हा विचार रविवारपर्यंत थांबूही शकत नाही, आणि म्हणूनच तुमच्या सासूबाईंची काळजी मला पूर्णपणे रास्त वाटते. शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये साधारण 3 ते 4 दिवसच सुरक्षित राहते. सोमवारी केलेली उसळ रविवारी संध्याकाळी स्पर्धेत वापरायची म्हटली तर तिला जवळजवळ आठवडा झालेला असतो. ती कितीही चांगली दिसली आणि तिला कसलाही वास येत नसला, तरी ती खेळात घेण्याजोगी राहिलेली नसते. अनेकांचा भरवसा नाकावर असतो, पण आजारी पाडणारे कित्येक जिवाणू अन्नाचा वास, रंग किंवा चव बदलत नाहीत. वास येतो तो बहुधा नासवणाऱ्या वेगळ्या जिवाणूंमुळे. शिवाय फ्रिजमध्ये जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते, आणि लिस्टेरियासारखे काही जिवाणू त्या थंडाव्यातही हळूहळू वाढत राहतात. वयस्कर माणसे, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना या जिवाणूंचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. सासूबाई जेवायला बसत नाहीत याचा अर्थ त्या खेळाचा विरस करत आहेत असा न घेता, घरात एक सावध माणूस आहे असा घ्या आणि त्यांनाच या खेळातले एक अधिकाराचे काम द्या. ते कोणते, हे पुढे सांगते.

सुरक्षिततेचे नियम गुणांमध्ये किंवा वादामध्ये येऊ देऊ नयेत; ते खेळाच्या बाहेर आणि खेळापेक्षा वरचे असावेत. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. हवा फार गरम असेल, म्हणजे 32 अंशांच्या वर, तर एका तासातच ते आत जायला हवे. मोठ्या पातेल्यातले अन्न मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते, म्हणून ते उथळ भांड्यांत पसरून निववावे आणि मग झाकून ठेवावे. फ्रिजचे आतले तापमान 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावे. बहुतेक फ्रिजच्या खटक्यावर नुसते आकडे असतात, त्यांवरून अंश कळत नाहीत, म्हणून आत एक साधा तापमापक ठेवावा. पुन्हा गरम करताना अन्न नुसते कोमट करून चालत नाही. ते मध्यभागी 74 अंशांपर्यंत तापले पाहिजे, म्हणजे सगळीकडून वाफा यायला हव्यात. एकदा गरम केलेले पुन्हा थंड करून पुन्हा गरम करण्याचा फेरा टाळावा. मऊ आणि ओलसर पदार्थावर बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून उरलेला वापरू नये, कारण तिचे तंतू न दिसता आत पसरलेले असू शकतात.

भाताबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण अशा स्पर्धेत सर्वांत आधी हात जातो तो त्याच्याकडे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही टिकून राहतात. भात बराच वेळ बाहेर राहिला तर ते वाढतात आणि त्यांच्यापासून तयार होणारे एक विष नंतर भात कितीही परतला तरी नष्ट होत नाही. म्हणून भात लवकरात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच संपवावा. रविवारच्या खेळात शनिवारचा भात चालेल; गुरुवारचा नको.

एवढे लक्षात घेतले की खेळाचे स्वरूप आपोआप बदलते. आठवड्यातून एकदा साचवून संपवण्याऐवजी रोज पाहत राहणे भाग पडते. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. उरलेले जे काही आत जाईल त्याचे नाव आणि ते शिजवल्याचा वार, ते आत ठेवणाऱ्यानेच त्यावर लिहावे. संपवणाऱ्याने ती ओळ खोडावी. ‘ठेवणाऱ्यानेच’ या शब्दावर मी जोर देते आहे, कारण ती यादीही तुम्हीच लिहू लागलात तर तुमच्या कामात आणखी एकाची भर पडण्यापलीकडे काही होणार नाही. सासूबाईंना द्यायचे काम आता सांगते. रविवारी खेळ सुरू होण्यापूर्वी कागद आणि फ्रिज पाहून काय खेळात घ्यायचे आणि काय नाही, हे त्यांनी ठरवावे. त्यांनी नको म्हटलेल्या वस्तूवर चर्चा होणार नाही, हे सगळ्यांनी आधीच मान्य करावे. जिने स्वतः निवडून दिले आहे ती व्यक्ती ते खायलाही बसेल, अशी मला आशा वाटते.

आता मुलांविषयी. तुम्ही मुलाला जे जास्तीचे गुण दिलेत त्यामागचा जीव मला समजतो, पण त्या गुणांनी दोघांनाही लागले असणार. मुलीला वाटले असेल की आपली मेहनत मोजली जात नाही. आणि मुलाला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, हे कळले असेल की आईला आपल्या पदार्थाविषयी खरोखर काही चांगले म्हणता आले नाही म्हणून तिने आकडा वाढवला. 9 वर्षांच्या मुलाला हे शब्दांत मांडता येत नसेल, पण ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही असे समजू नका. गुण हे साधनच इथे कामाचे नाही. 14 आणि 9 या वयांत हाताचे वळण, आचेचा अंदाज, चवीची आठवण या सगळ्यांत एवढे अंतर असते की प्रामाणिक परीक्षकाकडून मुलगा दर वेळी हरणार आणि मायाळू परीक्षकाकडून मुलीवर अन्याय होणार. तुम्ही कितीही विचारपूर्वक तक्ता केलात, चवीला इतके, कल्पकतेला इतके, मांडणीला इतके असे रकाने आखलेत, तरी हा पेच सुटणार नाही. उलट भांडायला एकाऐवजी अनेक रकाने मिळतील. म्हणून लेखी नियम आणि तक्ता हा तुमचा दुसरा पर्याय मी बाजूला ठेवीन.

बक्षिसांविषयी मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग इथे उपयोगी पडेल. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात चित्रे काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीच्या वयाची मुले घेतली होती. काहींना चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना न सांगता अचानक दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिले तेव्हा बक्षीस आधी कबूल केलेली मुले बाकीच्यांच्या तुलनेत चित्रांकडे बरीच कमी वळत होती. ज्या गोष्टीत मुळातच गोडी आहे तिला आधीपासून बक्षीस बांधले की मन बक्षिसाकडे वळते आणि गोडी कमी होऊ शकते. तुमच्या घरात सुरुवातीचे रविवार मजेत गेले आणि वही आल्यानंतरचे गेले नाहीत, याचे एक कारण हे असू शकेल.

मुलीला काही काळ बाहेर ठेवण्याचा पर्याय मात्र मी अजिबात सुचवणार नाही. तिने तुम्ही घालून दिलेले नियम मनावर घेतले आणि त्यांत ती चांगली निघाली. त्याबद्दल तिला बाहेर बसवणे ही शिक्षाच ठरेल. ती अर्ध्या गुणासाठी भांडते तेव्हा ती हावरट झाली आहे असे न समजता, आपण जे करतो ते कोणीतरी नीट पाहावे असे तिला वाटते आहे, असे समजून पाहा. तिच्या पदार्थावर तुम्ही आकड्याशिवाय शेवटचे कधी काही बोललात? ‘कांदा तू जरा जास्त लाल होऊ दिलास, त्यामुळे बटाट्याला चव आली’ हे एक वाक्य साडेआठ गुणांपेक्षा जास्त काही सांगते. वही काढून घेऊ नका. तिला विचारा, यापुढे त्यात गुणांऐवजी काय केले, कशाने जमले आणि कशाने बिघडले हे लिहायला आवडेल का? तिने नको म्हटले तर तो विषय तिथेच सोडा.

राहिला बंद करण्याचा पर्याय. तोही चुकीचा नाही. तुम्ही थकला आहात आणि तुम्ही सुरू केलेली गोष्ट थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण भांडणानंतर तडकाफडकी बंद केला तर मुलांच्या मनात ‘आमच्यामुळे बंद झाला’ एवढेच राहील, आणि फ्रिजचे काम पुन्हा सगळेच्या सगळे तुमच्याकडे येईल. म्हणून आधी एक बदल करून पाहावा, असे मला वाटते. स्पर्धा माणसामाणसांत ठेवू नका. सगळे घर एका बाजूला आणि फ्रिज दुसऱ्या बाजूला, अशी ती मांडा. यादीवरच्या किती ओळी आज खोडल्या जातील, एवढाच प्रश्न. सगळ्या खोडल्या गेल्या तर सगळे जिंकले.

प्रत्यक्षात हे असे करता येईल. प्रत्येकाने स्वतंत्र पदार्थ करण्याऐवजी जोड्या करा आणि त्या चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे मोठे विरुद्ध लहान असे दर वेळी होणार नाही. सासूबाई खेळायला तयार असतील तर पाच जणांत एक जोडी तिघांची होईल, त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक जोडीने यादीतली निदान एक ‘नावडती’ वस्तू उचललीच पाहिजे, नाहीतर सगळे चीजवर तुटून पडतात आणि अर्धा कोबी पुढच्या रविवारीही तिथेच असतो. लहान मुलाला खरे काम द्या. अंडी फोडून फेटणे, पावाचा चुरा करणे, चव पाहून लिंबू किती पिळायचे ते ठरवणे ही कामे नऊ वर्षांचे मूल उत्तम करते. धारदार सुरी आणि तापलेले तेल मोठ्या माणसाच्या नजरेखाली असावे. वेळ तासाभराचाच ठेवा, पण त्यातली पहिली दहा मिनिटे काहीही न शिजवता नुसते काढून, पाहून, वास घेऊन बोलायची ठेवा. मला तर ही दहा मिनिटेच या खेळाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतात.

चढाओढ अजिबातच नसेल तर मुलांना फिके वाटेल, अशी शंका तुमच्या मनात येईल. मग अधूनमधून एखादा रविवार ओळख लपवून चाखण्याचा ठेवा. पदार्थ सारख्या वाट्यांत काढा आणि प्रत्येक वाटीला तीन आकडी कोणताही क्रमांक द्या, जसे 417 किंवा 862. चवपरीक्षेच्या प्रयोगशाळांत असेच करतात, कारण नुसते ‘1’ आणि ‘2’ लिहिले तर चाखणाऱ्याला पहिला तो चांगला असे नकळत वाटू शकते. चाखण्याचा क्रमही प्रत्येकाचा वेगळा ठेवा. गुण नकोत, कोणती वाटी पुन्हा घ्यावीशी वाटते एवढेच प्रत्येकाने कागदावर लिहावे. निकाल परीक्षकाच्या हातात राहिला नाही की ‘आईने असे का दिले’ हा प्रश्नच उरत नाही.

तुमच्या पतींच्या सॉसविषयी नियम करण्यापेक्षा त्यांच्याशी सरळ बोला. त्यांना जिंकायचे असेल, किंवा त्यांना स्वयंपाकात आत्मविश्वास नसेल आणि नवी बाटली हा त्यांना आधार वाटत असेल. दुसरे कारण असेल तर ते बोलण्यातून कळेल, नियमातून कळणार नाही. खरेदीतली अडचण मात्र त्यांना स्पष्ट सांगा. दोन चमचे वापरून उघडी राहिलेली बाटली हेच पुढच्या महिन्याचे उरलेले अन्न असते. तेल, मीठ, मसाले, कांदा, लसूण, लिंबू यांसारखे रोजचे जिन्नस सगळ्यांना मोकळे ठेवा. खेळासाठी म्हणून नवे काहीही विकत घ्यायचे नाही. आणि तुम्हीही खेळासाठी म्हणून जास्त रांधायचे नाही. ज्या रविवारी कागद कोरा असेल त्या रविवारी खेळ होणार नाही, आणि तो रविवार हरल्याचा मानायचा नाही. त्या दिवशी मुलांना हवे ते ताजे करा.

आणि आता तुमच्याविषयी. तुम्ही परीक्षक झालात कारण तुम्ही रोज स्वयंपाक करता आणि तुम्ही उतरलात तर जिंकाल, असे तुम्हाला वाटते. हे गृहीतक मला सर्वांत जास्त खटकले. त्यामुळे झाले असे की खेळ तुम्ही सुचवला, सामग्री तुम्ही जमवली, वाद तुम्ही सोडवले, पसारा तुम्ही आवरला, आणि या सगळ्यात खेळलात मात्र एकदाही नाही. रोजच्या स्वयंपाकात ‘बिघडले तरी चालेल’ अशी मोकळीक तुम्हाला मिळत नाही, कारण सगळ्यांचे जेवण त्यावर अवलंबून असते. ती मोकळीक या घरात कोणाला सर्वांत जास्त हवी असेल तर ती तुम्हाला. चिठ्ठ्यांत तुमचेही नाव टाका. ज्या रविवारी तुमची जोडी मुलाशी जमेल त्या रविवारी त्याला मुख्य करा आणि तुम्ही त्याचे मदतनीस व्हा. पसाऱ्यासाठी एकच गोष्ट ठरवा: पदार्थ ताटात आला की खेळ संपत नाही, भांडी धुऊन ओटा पुसल्यावर संपतो. प्रत्येक जोडीने आपली भांडी स्वतः धुवायची आहेत हे आधी माहीत असले की एका पदार्थासाठी चार पातेली काढण्याची सवयही आपोआप जाते.

स्वयंपाकाच्या अंगाने काही गोष्टी सांगते, कारण उरलेल्या अन्नातून केलेले पदार्थ फसतात ते ठरावीक कारणांनी, आणि मुलांना ती कारणे आधी कळली तर अपयश कमी येते. पहिले कारण मीठ. उरलेल्या प्रत्येक पदार्थात मीठ आधीच असते. दोन पदार्थ एकत्र करून वर सवयीने आणखी घातले की ते खारट होतात. म्हणून मीठ शेवटी, चव पाहूनच. दुसरे, दोन ठळक चवींचे पदार्थ एकमेकांत मिसळू नयेत. एक ठळक आणि एक सौम्य, म्हणजे मसालेदार भाजी आणि उकडलेला बटाटा, किंवा आंबट टोमॅटोचा रस्सा आणि नुसता भात, अशी जोडी बहुधा जमते. तिसरे म्हणजे सगळेच मऊ झालेले असते. चव चांगली असूनही खावेसे वाटत नाही ते याच कारणाने. वरून भाजलेला पावाचा चुरा, शेंगदाणे, किंवा बारीक चिरलेली कच्ची काकडी घातली की दाताखाली काहीतरी येते आणि पदार्थ ताजा वाटू लागतो. शेवटी थोडे लिंबू. शिळेपणाने मंदावलेल्या चवी आंबटपणाने वर येतात.

फ्रिजमधला भात परतायला ताज्यापेक्षा चांगला, कारण थंड होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणे मोकळे राहतात. हाताने गुठळ्या फोडून, तापलेल्या रुंद भांड्यात थोडा थोडा घातला तर तो चिकटत नाही. पाव कडक होतो तोही मुख्यतः स्टार्चमधल्या अशाच बदलामुळे, नुसत्या सुकण्यामुळे नव्हे. म्हणून फ्रिजमध्ये पाव बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, आणि ठेवायचाच असेल तर फ्रीजरमध्ये ठेवलेला बरा. कडक पाव गरम केला की तेवढ्यापुरता मऊ होतो, पण चुरा करायचा तर तसाच उत्तम. मलूल पडलेले गाजर किंवा सेलरी सडलेली नसते, तिच्यातले पाणी कमी झालेले असते. कापून तासभर गार पाण्यात ठेवली तर बरीचशी पुन्हा कुरकुरीत होते. हे मुलांसमोर करून पाहा. वाकणारे गाजर तासाभरात कडकन मोडते, हे पाहून लहान मुलगा फ्रिजकडे वेगळ्या नजरेने पाहू लागेल. पालेभाजीची पाने मात्र चिकट झाली असतील तर ती गेली.

असाच खेळ सुरू करू पाहणाऱ्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहिते. दोघांच्या घरात स्पर्धा लवकर हिशेबाकडे झुकते, म्हणून तिथे एकाने जिन्नस निवडायचे आणि दुसऱ्याने करायचे, मग पुढच्या वेळी उलट, असे केलेले बरे. एकत्र खोली घेऊन राहणाऱ्यांनी कोणाचे काय खेळात वापरायचे हे आधी विचारावे; दुसऱ्याचे राखून ठेवलेले अन्न न विचारता संपवले तर खेळ तिथेच मोडतो. एकट्याने राहणाऱ्यांना दारावरचा कागद पुरतो, आणि 3 दिवसांत खाणे होणार नाही असे दिसताच पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाकण्याची सवय. उणे 18 अंशांना जिवाणूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत, त्यामुळे चौथ्या दिवशी घाईने गोठवून काही साधत नाही. आणि कोणाला एखाद्या अन्नाची ॲलर्जी असेल, तर अनेक डब्यांतले एकत्र करण्याच्या या खेळात ते नाव कागदाच्या सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.

येत्या रविवारी लगेच नव्या पद्धतीने खेळायची घाई करू नका. तो रविवार सोडा. आधी मुलीशी एकटीशी बोला आणि जास्तीच्या गुणांची गोष्ट तिच्यासमोर मान्य करा. स्पष्टीकरण लांबवू नका. मग मुलाला त्याने केलेल्या एखाद्या पदार्थातले तुम्हाला खरोखर आवडलेले काहीतरी सांगा, आठवून, नेमके. दारावर कागद लावून आठवडाभर तो चालतो का ते पाहा आणि त्यानंतरच चिठ्ठ्या टाका. दोन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा विचारा. कंटाळा आला असेल तर खेळ थांबवा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. दारावरचा कागद मात्र तसाच राहू द्या, आणि त्यावर ठेवणाऱ्यानेच लिहिण्याची सवय मोडू देऊ नका.